आपांच्या खिडकीतला वाडगा

आपा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. परंड्यातल्या आपल्या गल्लीत तुमच्या दाराचं कुलूप गंजून गेलंय, तरी दर ईदला शीरखुर्म्याचा पहिला वाडगा मी तुमच्याच खिडकीत ठेवते. अम्मीची सवय माझ्या हाताला लागली, दुसरं काय! लहानपणी तुमच्याकडे कुराण शिकायला यायचे, तेव्हाही मीच वाडगा आणायचे, आणि तुम्ही तो विसळून, तळाशी चिमूटभर साखर घालूनच परत द्यायचात. एकदा विचारलं, हे किताबात लिहिलंय का? तुम्ही हसलात. "न्हाय गं पोरी. भांडं रिकामं धाडू नये, ही आपल्या गावाची रीत. शरियतला यवडंच पायजे, का देण्यानं माया वाढावी आन् घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. परतफेडीचं वझं झालं, का रीत चुकली." एवढं सांगून साखर घातलीतच. तुम्ही गेलात त्या दिवशी जमलेल्या बायकांनी चहासाठी डबे उघडले, तर सगळे कोरडे. साखरेचा डबा तर घासून ठेवलेला. तेव्हापासून ती चिमूट माझ्या पोटात खुपते.

आणि ती अजून येते, आपा. दुपारी ठेवलेला वाडगा ऊन कलल्यावर, असरच्या अजानीला आणायला जाते, तर विसळलेला, ओला, तळाशी साखर. गजांतून आत बघावं तर जळमटं आणि धूळ, धुळीत पाऊल उमटलेलं नाही. आमचे हे म्हणाले, "मांजर पीत असंल." म्हटलं, "मांजर साखर बी ठेवतं व्हय?" तेव्हापासून ते तुमच्या भिंतीकडनं जात नाहीत. भीती मलाही वाटते, पण त्याहून वाईट वाटतं. मातीत गेलेल्या माणसानंही परतफेड करत राहावं, हे तुमच्या शरियतमध्ये कसं बसतं?

म्हणून यंदा शीरखुर्मा पानाच्या द्रोणात ठेवला. द्रोण कुणी परत मागत नाही. गजांशी तोंड नेऊन मी म्हणाले, "आपा, आता काय बी धाडू नका. तुमच्याकडं कुणाचं काय बी ऱ्हायलं न्हाय." आत कुणीतरी हळूच श्वास सोडला. असरला गेले, तर द्रोण नव्हता. खिडकीची फळी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी स्वच्छ, बाकी काही नाही. मला हवं होतं तेच झालं.

हा कागद मी त्या खिडकीत ठेवणार नाही. ठेवला तर तुम्ही वाचाल, आणि पुन्हा धाडाल. पण दिवस बुडून मगरिबची अजान होईपर्यंत मी तिथंच उभी होते, आपा. मला ती साखर हवी होती.