मोडलेल्या कटरखाली माझं नाव

अहो,

सप्रेम नमस्कार. फोनवर सांगितलं असतं तर अर्धवट ऐकून काळजी करत बसला असता, म्हणून लिहिते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. वर्गात सगळ्यांत मोठी मीच, म्हणून पोरं मला मावशी म्हणतात.

काल कॉलेजात कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापायचं मशीन पहिल्यांदा माझ्या एकटीच्या हाती दिलं. धातूचा ठोकळा कुठून सुरू होतो हे मशीनला आधी दाखवावं लागतं, त्याला झिरो लावणं म्हणतात. मी ठोकळा बदलला आणि आनंदाच्या भरात झिरो लावायचंच विसरले. कटर धाडकन आपटून मोडला. म्हटलं, आता गाशा गुंडाळा आणि घर गाठा.

सरांनी तुकडा उचलला, हातोडी शोधली, खिळा ठोकून तो भिंतीवरच्या फळीवर टांगला आणि खाली माझं नाव लिहिलं. तिथे असे कितीतरी आहेत, प्रत्येकाखाली मोडणाऱ्याचं नाव. सगळ्यांत वरच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा माझा. चला मावशी, दुसरा कटर लावा."

दुपारी तोच ठोकळा मी असा कापला की त्यात माझं तोंड दिसत होतं. अजून पाय जमिनीवर नाहीत माझे.

धाकटीचा खोकला खरंच थांबलाय ना? की मला बरं वाटावं म्हणून सांगता?

आणि आईंनी सगळं सांगितलंय. तुम्ही दुधाचं पातेलं करपवलंत आणि माळ्यावर लपवलंत. ते काढा, गॅसच्या वर खिळा ठोकून टांगा, खाली तुमचं नाव लिहा. मग दुसऱ्या पातेल्यात दूध तापवायला ठेवा.

तुमचीच,
फळीवरची मावशी