सरळ केलेल्या रेघा

रविवार, २२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे मी मजेत, कुंड्या मजेत, आणि खालच्या मजल्यावरचं बाळ दुपारी न चुकता भोकाड पसरतं. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षर बघून दचकू नकोस. पुठ्ठा मांडीवर घेऊन लिहितेय आणि पेनही फुकटात मिळालेलं आहे.

तुझा निरोप मिळाला. मी कायमची तिकडे राहायला यावं म्हणून मागची खोली रिकामी केलीस आणि आता रंग कुठला लावू म्हणून विचारतेस. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी शाळेतली गंमत ऐक.

यंदा शेवटच्या वर्गाच्या स्मरणिकेवरून माझं आणि मोठ्या सरांचं चांगलंच वाजलं. तुला माहीतच आहे, शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं चित्र मी स्वतः काढते आणि ते स्मरणिकेत छापतात. ही पद्धत मीच पाडली, सर या शाळेत यायच्या कितीतरी आधी. या वेळी सर कल्पना घेऊनच आले: हवेत टोप्या उडवणारी मुलं, उगवता सूर्य, आणि पुस्तकांच्या चवडीवर बसलेलं घुबड. "हल्ली तयार चित्रं मिळतात हो बाई, तुम्हाला कशाला उगीच त्रास?" मी म्हटलं, "सर, आपल्या मुलांनी असल्या टोप्या कधी घातल्या नाहीत, आणि त्या घुबडाला आपल्या शाळेत प्रवेश कुणी दिला?" गणिताच्या बाई फिस्सकन हसल्या आणि सरांचं तोंड एवढंसं झालं.

मग मी वर्गात जाऊन मुलांनाच विचारलं, तुम्हाला शाळेत कुठे काढू? फळा भरून गेला. एकाला लाथ मारल्याशिवाय न चालणाऱ्या नळापाशी उभं राहायचं होतं. ज्याला सगळे आजोबा म्हणतात तो गंभीरपणे म्हणाला, "मला बाकाखाली काढा, मी तिथेच जास्त असतो." दोघी मैत्रिणींना एकाच चित्रात यायचं होतं, पण भांडलेल्या, एकमेकींकडे पाठ करून. आणि एक आहे चुळबुळ. ही पोरगी एका तासाला तीन बाक बदलते. ती म्हणाली, "मला पळताना काढा. पण पळून जाताना नाही हं बाई, परत येताना."

सगळी चित्रं काढली. वेळ लागला. पूर्वी एका बैठकीत पाच-सहा चेहरे व्हायचे, या वेळी एकेका चेहऱ्यात दुपार जायची. डोळे थकतात, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात छापखान्यातून तपासायला पानं आली. चित्रं माझीच होती, पण रेघा माझ्या नव्हत्या. सगळ्या गुळगुळीत, इस्त्री केल्यासारख्या. नळ नवाकोरा दिसत होता आणि आजोबा बाकाखाली वाढदिवसाला आल्यासारखा बसला होता. मी तशीच छापखान्यात गेले. तिथे कॉम्प्युटरवर एक चष्मेवाला बसतो. तो खूश होऊन म्हणाला, "बाई, रेघा जरा हलल्या होत्या, सरळ करून दिल्या. मशीनच करतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत!"

बिचाऱ्याला वाटलं, मी आभार मानायला आले.

ताई, रेघा हलल्याच होत्या. डोळ्यांचा काही संबंध नाही. मांडीवर पुठ्ठाही नाही, मी चांगली टेबलाशी बसून लिहितेय. माझा उजवा हात थरथरतो. बरेच दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी थोडा आवरेल, पण जाणार नाही, वाढेल. शाळेत मला अर्धाच कप चहा देतात आणि कुणी काही बोलत नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन दारात उभी राहिली असतीस. खूप रडलेही मी. तेही सांगून टाकते.

छापखान्यात गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सर म्हणाले, "राहू द्या की असंच. स्वच्छ दिसतंय. उद्या एखाद्या पालकाने विचारलं, तर आम्ही काय सांगायचं?" मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सांगा, बाईंचा हात थरथरतो. सांगायला लाज वाटत असेल तर माझ्याकडे पाठवा, मी सांगते." हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते.

तेवढ्यात चुळबुळ वह्या ठेवायला आत आली आणि टेबलावरची पानं बघून थबकली. "बाई, ही कोण?" "तूच की," सर म्हणाले. "छे! ही तर शहाणी मुलगी आहे." मी पिशवीतून मूळ कागद काढून शेजारी ठेवला. त्यात तिचे केस, फ्रॉक, पाय, काही म्हणजे काही एका जागी ठरत नाही. चुळबुळने त्यावर बोट ठेवलं. "ही मी," म्हणाली आणि गेली, अर्थात पळत.

सरांनी छापखान्याची पानं बाजूला सारली. मूळ चित्रं छापायला गेली. शेवटच्या पानावर 'चित्रे' या शब्दापुढे मी सहीसुद्धा स्वतः केली. ती सही बँक मुळीच चालवून घेणार नाही. "पुढच्या वर्षीचं मात्र बघावं लागेल हं बाई," असं सर जाता जाता म्हणाले. मी म्हटलं, "बघू या ना. मुलं कोण आहेत ते मी आत्तापासूनच बघून ठेवलंय."

आता तुझ्या खोलीचं. तुला आवडेल तो रंग लाव, कारण राहायचं तुम्हाला आहे. मी सुट्टीत येईन, भाऊजींशी भांडेन, तुझ्या हातचं खाईन आणि शाळा उघडायच्या आत परत येईन. चित्रं काढणं थांबेल तेव्हा माझं मी थांबवीन. तू रागावशील, रागाव. रडशीलही. पण माझ्यासाठी निर्णय घेऊ नकोस.

हे पत्र आधी शाळेतल्या कॉम्प्युटरवर टाइप करून पाठवणार होते, म्हणजे तुला काही कळलं नसतं. दोन ओळी टाइप केल्या आणि चष्मेवाला आठवला. त्या पुसून टाकल्या आणि पेन घेतलं. वाचायला त्रास होईल. सावकाश वाच, पण ही अक्षरं मनातल्या मनातही सरळ करू नकोस.

जशी दिसतेय तशीच,
तुझी धाकटी