नमुन्याची बाटली

३ तारीख, सोमवार
झाकण! एवढं साधं झाकण ठेवायला या लोकांच्या बापाचं काय जातं? आज पालिकेच्या कामाचा पहिला दिवस. घरोघर पाणी तपासत फिरले. पिंपात अळ्या, कुंडीखालच्या बशीत अळ्या. वर एक बाई म्हणते, मावशी, आमचे डास आमचे आम्ही सांभाळू. बरं. पण नोकरी आवडली. मुलाकडे राहायला आले ते बरंच केलं. सून पोटुशी, तरी हसतमुख. खिडकीजवळची खाट मी तिलाच दिली, वारा लागतो.

६ तारीख, गुरुवार
नुसतं बोलून पटत नाही. म्हणून बाटलीत जिवंत अळ्या घेऊन हिंडते. दाखवली की बायका किंचाळतात, मग झटक्यात पिंप घासतात. गल्लीत माझं नाव पडलं अळीवाली. मुकादम म्हणाला, काम झालं की रोज मातीत ओतून टाका. रोज नव्या कोण शोधणार? बाटली घरी खिडकीत ठेवते. गुदमरून मरतील म्हणून झाकणाऐवजी फडकं.

११ तारीख, मंगळवार
बाटलीतल्या अळ्या कमी झाल्या. मेल्या असतील. पुन्हा भरल्या. समोरच्या शिंप्याला डेंग्यू झालाय. सून म्हणाली, आई, घरात दिवसाढवळ्या डास कसे हो? मी तिलाच झापलं, झाडू नीट मार म्हटलं. झाडू घेतला बिचारीने.

२४ तारीख, सोमवार
सुनेला ताप. डोळ्यांमागे ठणका. दवाखान्यात ठेवली. डेंग्यूच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं आत्ता काही सांगता येत नाही.

२८ तारीख, शुक्रवार
बाटली उचलली. फडकं सैल. आत अळी नाही — पाण्यावर नुसती कात, पातळ, रिकामी. मेल्या नव्हत्या. मीच भरत होते, आणि त्या — खाट तिथेच, हाताच्या अंतरावर —

२९ तारीख, शनिवार
मुकादम आला. सगळी घरं पुन्हा तपासली. आमचं सोडून. अळीवालीच्या घरात काय बघायचं, म्हणाला. लोक हसले. मीही हसले — मेले, हसले मी —

३० तारीख, रविवार
बाटली फोडली. तरी पडद्यात गुणगुण. कानाशी. खाट रिकामी, तिथेच घोंगावतात —
तिला रक्तस्राव होतोय म्हणे. मुलगा कपडे न्यायला आला. डोळे लाल. म्हणाला, आई, तुला घरन् घर माहीत. कुणाच्या घरातून आलं ते उद्या सोमवारी सकाळपर्यंत मला सांग. नाव हवं. बोलवत नसेल तर लिहून दे.
लिहिते. ते घर —