मनोरीच्या बांधापुढचा तिवर

आबा,
कांदळाच्या शेंगा एक गोणी, हिरव्यागार; किंमत काही नाही. मार्व्याहून तरीचं तिकीट तेवढं माझं. गिरणीच्या संपापासून फुकट आलेल्या वस्तूची मला धास्तीच वाटते. गोणी आणणारी कॉलेजातली मंडळी म्हणाली, "काकू, तुमच्या माहेरच्या बांधापुढे लावा. खारफुटीची झाडी वाढली की उधाणाचं पाणी अडेल." मी विचारलं, "आणि मग जागा कोणाची?" ती हसली. मला हसू आलं नाही. पण तुमच्या विहिरीला खारं पाणी लागलंय, वहिनी प्यायचं पाणी लांबून आणते, म्हणून गेले. गणपतीचं नाव घेऊन गुडघाभर चिखलात सगळ्या शेंगा खोचल्या, कोंबासारखं टोक वर ठेवून.

पंधरा दिवसांनी ओहोटीला जाते, तर शेजारची कोळीण मावशी, जिला तुम्ही बहीण मानायचात, एकेक शेंग उपटतेय. उधाण अडवणारा बांधापुढचा जुना तिवर होडी लावायला हिनेच तोडला, असं मला कधीपासून वाटत होतंच. बांधावरूनच ओरडले, "मावशी, जुनी झाडी खाल्लीत, आता हीपण?"

"अगो ए मॅट्रिक! टोक म्हणजे मूळ. सगळ्यांची डोकी चिखलात घालून पाय वर केलेस. सरळ करतेय मी." मग हात धुता धुता म्हणाली, "आणि तिवर कोणी तोडला ते बापाला विचार. तुझ्या लग्नाचं जेवण कशावर शिजलं?"

त्या दिवसापासून ती वहिनीच्या दारात येत नाही. रागावलेलं माणूस काहीही बोलतं, असं मी स्वतःला सांगते. मी लहानपणी तिवराची एक फांदी मोडली, तर तुम्ही मला उपाशी बसवलं होतंत. "झाड गेलं की दर्या घरात येईल," म्हणालात. असा माणूस स्वतः कोयता चालवेल? लाकडं वखारीतली, असं तुम्हीच सर्वांना सांगितलंत. पण वखारीतली लाकडं सुकी असतात ना, आबा? अंगाला हळद लावून मी बसले होते आणि चुलाणाच्या ओल्या धुरानं डोळे चोळत होते, हे मला चांगलं आठवतं.

मावशीची माफी मागायला मी अजून गेलेले नाही. आधी तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही गेलात तिकडे पोचायला हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते ठाऊक नाही, तरी खरं काय ते परतीच्या टपालानं कळवा.