भावाचा उजवा हात आणि जुना शेल

मी, शेवटी सही करणारा, वय एकसष्ट, मोटारींचे पत्रे दाबून काढणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं संगणक विभाग सांभाळलेला माणूस, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीनं करत आहे. येत्या सोमवारी डॉक्टर माझी छाती करवतीनं उघडणार आहेत. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला त्यांनीच दिला, तो सोबत जोडला आहे. माझ्या डोक्याबद्दल कारखान्यात वेगळं मत आहे, पण त्याचा दाखला कोणी मागितलेला नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावी. मला मूलबाळ नाही. माझ्या रागाला कंटाळून बायको केव्हाच माहेरी निघून गेली, त्यात तिची चूक नव्हती. आतल्या दाराला मी बुक्की मारून पाडलेलं भोक पत्रा ठोकून बुजवलं आहे. पत्रा काढू नये, वारा येतो.

कलम २. माझी हत्यारांची पेटी फोरमनला द्यावी. नऊ वर्षांपूर्वी सात नंबरच्या प्रेसमध्ये माझ्या फिटर भावाचा उजवा हात गेला. चौथ्या दिवशी फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला की, बेफिकीर माणसाचा हात जाणारच. मी त्याची कॉलर धरून त्याला खांबावर आपटला आणि त्याचे पुढचे दोन दात पाडले. चौघांनी ओढून काढलं म्हणून बाकीचे वाचले. भावासाठी धावून गेलो म्हणून माझी वाहवा झाली आणि ती मी निर्लज्जासारखी घेतली. पेटीत चांगले पाने आहेत. फोरमननं त्यातला एखादा माझ्या फोटोवर घातला तरी हरकत नाही.

कलम ३. माझा जुना, विटेसारखा जड कीबोर्ड पुतणीला द्यावा. तो तिला एकदा मिळालेला आहे, पण डोक्याच्या दिशेनं.

ती दोन वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली लागली. आल्या आल्या तिनं एकच धोशा लावला, की जुना शेल सोडू या, नवा घेऊ या. शेल म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची जागा. आपण लिहायचं, यंत्रानं ऐकायचं. आमचा सगळा कारखाना अशा चारशे फायलींवर चालतो आणि त्या सगळ्या मी लिहिलेल्या आहेत. तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी हसलो. मग शिव्या दिल्या. गेल्या वर्षी ती म्हणाली की, निदान प्रेसच्या फायली तरी मी एकेक करून नव्यात लिहून काढते. मी वायरसकट कीबोर्ड उपटला आणि फेकला. चार बोटांनी नेम चुकला, मागचं काचेचं दार फुटलं आणि तिचा कान फाटला. तीन टाके पडले.

केसांतल्या काचा काढत ती म्हणाली, "काका, एवढं मारायला उठलात, त्या फायलींत आहे तरी काय?"

त्याचं उत्तर पुढच्या कलमात देतो.

कलम ४. नव्या शेलविरुद्ध मी आजवर जे बोललो ते खोटं नव्हतं. चारशेपैकी निम्म्या फायली त्यात जशाच्या तशा चालणार नाहीत. एखादा संगणक आडवा झाला की त्यावर जुनाच शेल सापडतो. बोटांची एकतीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे चिडचिड होते. पण नवा शेल आज्ञेतली जागा रिकामी दिसली तर थांबतो, आणि कुठल्या ओळीत काय चुकलं ते सरळ सांगतो. हे मला पहिल्याच दिवशी पटलं होतं.

साच्यात हात घालण्याआधी फिटर प्रेसजवळचं बटण दाबतो. त्यानं प्रेसला अटकाव लागतो आणि संगणकात तशी नोंद होते. अडून बसलेल्या प्रेसचा अटकाव काढायची फाइल माझी होती. आज्ञा लिहायची, पुढे प्रेसचा नंबर, मग एंटर. त्या दिवशी तीन नंबरची प्रेस अडली होती. मी खांद्यात फोन धरून ट्रकवाल्याची आईबहीण काढत होतो. नंबर लिहायचा राहिला आणि मी एंटर मारलं. जुना शेल रिकाम्या जागेबद्दल चकार शब्द काढत नाही. नंबर नाही म्हणजे सगळ्या, असा त्याचा अर्थ झाला आणि चौदाच्या चौदा प्रेसचा अटकाव नोंदीसकट निघाला. सात नंबरच्या साच्यात माझा भाऊ कोपरापर्यंत आत होता. त्याच्यावर दोनशे टन उतरलं.

मी पोचलो तेव्हा हाताच्या जागी पत्र्याइतकं जाड काहीतरी होतं, आणि भाऊ ओरडत नव्हता. तो बटणाकडे बघत होता.

शेल आपल्या प्रत्येक आज्ञेची यादी ठेवतो. त्या यादीतून माझी ओळ मी त्याच संध्याकाळी पुसली. चौकशीला एवढंच सापडलं की सात नंबरला अटकाव नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या फाइलीत मी एक ओळ वाढवली, की नंबर रिकामा असेल तर थांब. म्हणजे जुना शेलही थांबतो, पण त्याला तसं सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. फाइलीवर ती तारीख अजून आहे. पुतणीनं ती उघडली असती तर तिला पाच मिनिटांत सगळं कळलं असतं, म्हणून कीबोर्ड.

भाऊ दोन वर्षं सांगत फिरला, मी बटण दाबलं होतं. मग सांगायचा थांबला. आता तो फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहितो आणि स्वतःच म्हणतो, माझ्याच हातून राहिलं असेल रे दादा. हे तो माझ्या घरी जेवताना म्हणतो आणि मी त्याला वाढत असतो. माझ्यासारखा नालायक माणूस शोधून सापडणार नाही.

कलम ५. सर्व फायली पुतणीनं नव्या शेलमध्ये लिहून काढाव्यात. सुरुवात अटकाव काढायच्या फाइलीपासून करावी आणि मूळ फाइल तारखेसकट चौकशी समितीला द्यावी. मी सोमवारी वाचलो तरी हे करावं. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. म्हणून मी भावाला साक्षीदार बोलावलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, हेही ते म्हणाले. त्याला देण्यासारखं माझ्याकडे या कागदाखेरीज काही नाही.

मृत्युपत्र करणारा: (सही) थोरला भाऊ

वकिलांच्या कारकुनाची नोंद: साक्षीदार क्रमांक एक यांनी सही करण्यापूर्वी संपूर्ण मजकूर वाचला. नंतर डाव्या हातानं मृत्युपत्र करणाऱ्याच्या तोंडावर तीन वेळा मारलं. मी उठलो, तर मृत्युपत्र करणारे म्हणाले, "मध्ये पडू नका." पान दोन आणि तीनवरचे डाग रक्ताचे आहेत, ती खाडाखोड समजू नये. साक्षीदाराच्या नावापुढे मी 'फाटकावरील पहारेकरी' असं लिहिलं होतं. ते त्यांनी स्वतः खोडलं. ही खाडाखोड ग्राह्य धरावी.

साक्षीदार १: (डाव्या हाताची सही) धाकटा भाऊ, प्रेस फिटर
साक्षीदार २: (सही) वकिलांचे कारकून
ठिकाण: वकिलांच्या कचेरीची मागची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार