गावच्या यादीतलं तुमचं नाव

नाना, तुम्ही जाऊन एक तप होत आलं, पण सरकारदरबारी परवा-परवापर्यंत तुम्ही मतदार होतात. हे तुम्हाला कळवावं असं फार वाटलं, म्हणून लिहायला बसलोय. घरात मी तुम्हाला आपल्या अहिराणीत सरळ 'तू' म्हणायचो. कागदावर मात्र हात आपोआप 'तुम्ही' लिहितो. तुम्ही असतात तर यावरूनही चिडवलं असतंत की पोरगा दोन बुकं शिकला नि बापाला पाहुणा करून बसला.

गोष्ट तुमच्या नातीपासून सुरू झाली. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्या चपला घालून दारात फिरायची. आता कॉलेजात जाते, मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलते, आणि आम्ही दोघं नवराबायको निम्मं समजून घेतो. तिला अठरा पूर्ण झाली आणि लोकसभेची निवडणूक तोंडावर आली. आपलं सिल्वासा केंद्रशासित, इथं विधानसभा नाही, त्यामुळे मोठं मत दिल्लीचं ते एकच. मी सवयीनं म्हणालो, "पुढच्या सुट्टीत गावाला जाऊ, तिथं तुझं नाव घालून येऊ." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला बैलगाडीनं कॉलेजला जायला सांगितलंय. म्हणाली, "पप्पा, माझं तर सगळं इथंच आहे. उधर जाके मैं किसको जानती हूँ?" मी चहा मागितला.

उत्तर तसं मला पाठ होतं. तुम्हीच दिलं होतंत. तेव्हा आपण इथंच, आमली भागात त्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. माय गेल्यावर तुम्ही मला गावाहून घेऊन आलात आणि मसाटच्या सुताच्या कंपनीत पाळी करून येऊन स्टोव्हवर खिचडी लावायचात. वर कच्चं तेल आणि ठेचा. खिचडी खाली लागली की म्हणायचात, ही खास खरपूस केलीय. मी नुकताच अठराचा झालो होतो. चौकात मतदार नोंदणीचं टेबल मांडलं होतं, दोस्तांबरोबर मीही अर्ज भरला आणि मोठ्या तोऱ्यात तुम्हाला सांगितलं. तुम्ही स्टोव्ह बंद केलात. रागावलात की अगदी हळू बोलायचात, तसंच हळू म्हणालात, "पोरा, आठे आपलं पोट शे. नाव तठेच ऱ्हाऊ दे. ज्यानं गावमा नाव नही, तो पाव्हना." पोट इथं, नाव गावात, असा तुमचा कायदा. त्या दिवशी खिचडी अर्धीकच्ची खाल्ली आपण. दुसऱ्या दिवशी मी जाऊन अर्ज मागे घेतला, आणि सुट्टी काढून तुम्ही मला गावी नेऊन माझं नाव तुमच्या नावाखाली चढवलंत.

तुमचं मतदान म्हणजे काय सोहळा होता! निवडणूक आली की गावाकडच्या उमेदवारांच्या जिपा आमलीपर्यंत यायच्या, आपली माणसं गोळा करून न्यायला. फुकट प्रवास, वाटेत जेवण, गावात मटण. सगळे बसायचे. तुम्ही जिपेच्या दारात उभं राहून सगळ्यांना राम राम करायचात आणि म्हणायचात, व्हा पुढे, मी एस.टी.नं येतो. "मत देवाले दुसरानी गाडीमा जावानं नही," एवढंच तुमचं म्हणणं. मग आपण नाशिकला गाडी बदलून, धुळ्याला पुन्हा बदलून, धुळीनं पांढरे होऊन पोचायचो, तोवर जिपेतली माणसं जेवून ओट्यावर आडवी झालेली असायची. मला तेव्हा तुमचा राग यायचा, कारण मटण संपलेलं असायचं. कोणाला मत दिलं असं कोणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पेटीले." मी पहिल्यांदा मत दिलं त्या दिवशी परतीच्या गाडीत तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत. एरवी ती जागा तुमची.

तुम्ही होतात तोवर आणि नंतरही मी तुमच्यासारखाच जात राहिलो, एस.टी.नंच. हळूहळू मात्र गावात मला ओळखणारे कमी झाले. आणि इकडे डोकमर्डीत, जिथं आम्ही आता राहतो, तिथं गल्लीची गटार पावसाळ्यात घरात यायला लागली. गल्लीत सगळे आपलेच, धुळ्या-नंदुरबारचे. आम्ही मिळून एका स्थानिक पुढाऱ्याकडे गेलो. माणूस वाईट नाही, पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग गुजराती-हिंदीत सहज विचारलं, "इनमें से इधर का वोटर कौन कौन है?" नाना, एकाचाही हात वर झाला नाही. तो हसलाही नाही. त्यानं विषय बदलला, आणि ते मला जास्त लागलं. पंचवीस-तीस वर्षं इथलं पाणी प्यालो, इथं लग्न झालं, इथं पोर झाली, आणि आम्ही पाव्हनेच. तुमचंच वाक्य, फक्त गाव उलटं.

त्यामुळे नातीसाठी बीएलओ बाई घरी आल्या तेव्हा मीही एक अर्ज भरून ठेवला होता. बीएलओ म्हणजे घरोघर फिरून मतदार यादीचं काम बघतात त्या. या बाई इथल्याच शाळेत शिकवतात, मूळच्या कोकणातल्या, बोलणं स्वच्छ आणि तिखट. नातीचा सहा नंबरचा अर्ज त्यांनी बघितला, जन्माचा दाखला, आधार, फोटो, सगळं ठीक. मग माझा बघितला. मीही सहा नंबरचाच भरला होता, आणि 'याआधी कुठे नाव आहे का' ती जागा कोरी सोडली होती. आपल्या लोकांचा हा ठरलेला हिशोब: घरं दोन, तर नावं दोन. गावचं राहू दे, इथलं वेगळं होऊ दे.

"दादा, गावाकडे कार्ड आहे ना तुमचं?" बाईंनी विचारलं.

"आहे की. ते गावचं."

"अहो, ते गावचं नसतं, माणसाचं असतं. सहा नंबर नव्या मतदाराचा. तुम्ही आठ नंबर भरायचा, पत्ता बदलल्याचा, म्हणजे तिकडचं नाव इकडे येतं. दोन्ही डगरींवर पाय ठेवलात तर गुन्हा होतो. नाव जिथं राहतो तिथं. तीस वर्षं कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

सांगितलं होतं, पण उलटं. तुमचं नाव मी बाईंना सांगितलं नाही. म्हटलं, कशाला तुमची निंदा!

आठ नंबरच्या अर्जासाठी गावच्या यादीतला माझा क्रमांक हवा होता. नातीनं मोबाइलवर यादी काढली आणि बोटानं वर-खाली करता करता थांबली. "पप्पा, आजोबा!" माझ्या नावाच्या वर तुमचं नाव होतं, जसंच्या तसं. आणि वय? यादीतलं वय आपोआप पुढे सरकतं, नाना. तुम्ही तिथं म्हातारे होत होतात. तुम्ही गेलात तेव्हाचं वय मला ठाऊक आहे. हे त्याच्या कितीतरी पुढचं होतं. मला वेड्यासारखं बरं वाटलं. कुठेतरी तुम्ही रोजचा दिवस काढताय, थकत चाललाय, पण आहात. मी नातीला ते पान पुन्हा एकदा वर घ्यायला लावलं.

तुम्ही इथल्या दवाखान्यात गेलात, मृत्यूचा दाखला इथला मिळाला, आणि गावात कुणी तो नेऊन दिलाच नाही. मीही नाही. बाईंनी ते पान बघितलं आणि आवाज खाली आणला. म्हणाल्या, "मयत माणसाचं नाव काढायला सात नंबरचा अर्ज लागतो. आणि दादा, तो त्याच मतदारसंघातल्या मतदारानं करायचा असतो. म्हणजे तुमचं नाव तिथून हलायच्या आधी वडिलांचं करा. नंतर तुम्हाला तो हक्क राहणार नाही."

तिथंच घोडं पेंड खायला लागलं. माझं नाव हलवणं मी कसंबसं पचवलं होतं. पण गावचा मतदार म्हणून माझ्या हातून शेवटचं काम व्हायचं ते हे? तुम्ही मला तिथं चढवलंत, आणि मी जाता जाता तुम्हाला उतरवायचं? बायको म्हणाली, राहू द्या ना, नाव काय खायला मागतंय. मलाही तेच हवं होतं. अर्ज फ्रिजवर ठेवून दिला आणि रोज कामावर जाताना त्याच्याकडे न बघता जायला लागलो.

मग काकांच्या थोरल्याला फोन लावला. तुमचा लाडका पुतण्या, आता गावात पुढारपण करतो. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, "दोन्हीकडे ऱ्हाऊ दे ना भो. आठे बी, तठे बी. कोण देखस? आणि नानानं नाव तुले काय जड व्हयनं?" लाडानंच बोलत होता. मी सहज, अगदी सहज विचारलं, "त्यासना नाववर कोणी मत दिधं का कधी?" तो हसला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही, नुसता हसला आणि पोरीचं शिक्षण कसं चाललंय ते विचारायला लागला.

मी फोन ठेवला. कोणी दिलं असेल की नसेल, मला माहीत नाही, आणि त्याच्यावर आळ घ्यायचा नाही. पण मला तुम्ही दिसलात, नाना. जिपेच्या दारात उभे राहून सगळ्यांना राम राम करणारे. आयुष्यात कधी दुसऱ्याच्या गाडीत बसला नाहीत, आणि आता तुम्हाला विचारल्याशिवाय कोणीतरी तुम्हाला उचलून नेऊ शकत होतं. तुम्ही उतरणार कसे? उतरवायला मीच हवा होतो. मी अर्ज काढला, दाखल्याची नक्कल लावली आणि नातीनं सगळं मोबाइलवरून पाठवलं. 'अर्जदाराचं नातं' या जागी 'मुलगा' लिहिताना मी रडलो, ते लपवलं नाही. पोरगी उठून माझ्या खांद्याला टेकली. थोरल्याला नंतर कळलं तेव्हा म्हणाला, "तू आते शहरना व्हयना." तेव्हापासून त्याचा फोन नाही. मी दिवाळीला करणार आहे.

तुमचं नाव निघालं, मग माझं इकडे आलं. नवं कार्ड आलं ते बायकोनं देवाजवळ ठेवलं, मी काढून पाकिटात ठेवलं. मतदानाच्या दिवशी आम्ही बापलेक चालतच शाळेत गेलो. रांगेत गल्लीतले चार-पाच जण भेटले, यंदा त्यांनीही पत्ते बदलले होते, आणि सगळे लग्नाला आल्यासारखे इस्त्रीचे कपडे घालून. पोरीनं आत जाण्याआधी मला विचारलं, "पप्पा, तुम किसको दोगे?" मी म्हणालो, "पेटीला." ती म्हणाली, आता पेटी नसते, मशीन असतं. तुमचा विनोद जुना झाला, नाना.

तुम्हाला सांगायचं राहूनच गेलंय ते पुढचं. आत पहिल्या टेबलावर एक गुजराती बाई यादी घेऊन बसली होती. बाकावर पक्षांची पोरं याद्या घेऊन खुणा करत होती, त्यांना ऐकू जावं म्हणून ती प्रत्येकाचं नाव मोठ्यानं वाचायची. मला वाटलं होतं, आपण दोघंही गावातून निघालो. मी इथं आलो आणि तुम्ही कुठेच नाही. तिनं माझं कार्ड बघितलं, यादीत बोट ठेवलं आणि वाचलं: क्रमांक, माझं नाव, आणि मग वडिलांचं नाव म्हणून तुमचं. सिल्वासात. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. बाकावरच्या पोरांनी मान खाली घालून खूण केली. ज्या गावात तुम्ही आयुष्यभर नाव लागू दिलं नाहीत, तिथं ते लागलं होतं, माझ्यामागे, आणि तुम्ही स्टोव्ह बंद करायला आला नाहीत.

मी कानामागे हात धरला आणि तिला म्हणालो, "बेन, जरा फरीथी बोलो ने." तिला वाटलं म्हातारा बहिरा आहे. तिनं पुन्हा वाचलं, आणखी मोठ्यानं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून इथंच ठेवतो. फक्त तुम्हाला सांगतो, पोरीला सांगितलं नाही: मला पहिल्या वेळेलाच स्वच्छ ऐकू आलं होतं.