बाबांचा डावा कान आणि उपलब्ध पुरावा

३ फेब्रुवारी, सोमवार
बाबा सकाळी उठले ते डावा कान चोळतच. त्या कानाला काहीच ऐकू येत नाही म्हणाले. उजवा गेली काही वर्षं नावापुरताच आहे, त्यामुळे सगळा कारभार डाव्यावर. आत्याचा रोजचा फोनसुद्धा त्याच कानावर.

जाड्याला दाखवलं. कॉलेजातला दोस्त, आता कानाचा डॉक्टर. म्हणाला, आतली नस गेलीय, स्टेरॉइडच्या गोळ्या आजच सुरू करू. गुण येईलच असं नाही, पण यायचा असेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच. मी विचारलं, पुरावा? तो म्हणाला, तू अजून तसाच आहेस. बाबा म्हणाले, मुलगा सांगेल तसं.

पुराव्यावर आधारित वैद्यक मी बारा वर्षं शिकवतोय. माझी पहिली स्लाइडच अशी: स्वतः चाळत बसू नका, कुणीतरी सगळे अभ्यास आधीच तपासून सिस्टिमॅटिक रिव्ह्यू लिहिलेला असतो, तो शोधा आणि वापरा. घरी सांगितलं, उद्या उत्तर देतो.

४ फेब्रुवारी, दुपारी
सापडला! अकरा मिनिटांत. लायब्ररीच्या बाईंनी शोधला, पण शब्द मी सुचवले होते.

निष्कर्ष: पुरावा तोकडा आहे, फायदा होऊ शकतो, द्यायचंच तर लवकर द्या. मन भरलं नाही. एक तर तीन वर्षांपूर्वीचा, म्हणजे शिळा. शिवाय त्यातले रुग्ण पन्नाशीचे, आणि बाबा शहात्तर. बाई म्हणाल्या, दर्जाच्या कसोट्यांत तर पास झालाय. बाईंना काय कळतंय.

६ फेब्रुवारी
दुसरा रिव्ह्यू मिळाला. हा म्हणतो, फायदा सिद्ध झालेला नाही. वा! दोन तज्ज्ञांची जुंपली की आपल्याला काम.

बायकोने विचारलं, गोळ्या आणू का. मी म्हटलं, घाई हाच सगळ्यात मोठा साइड इफेक्ट. वाक्य झकास जमलं. लेक्चरमध्ये घालायचं.

जाड्याचे दोन मिस्ड कॉल.

८ फेब्रुवारी, शनिवार
दोन्ही रिव्ह्यू शेजारी शेजारी ठेवून बघितले. आत तेच अभ्यास! फक्त एकाने सूर नरम लावलाय, दुसऱ्याने कडक. द्यायचंच तर लवकर द्या, हे दोघंही म्हणतात. इथे थांबता आलं असतं. पण मग माझ्यात आणि जाड्यात फरक काय राहिला?

ठरलं. नवा रिव्ह्यू मीच लिहिणार. आठवड्यात संपवायचा. मोबाइल बंद, चहा एकदाच.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. बाबांनी सवयीने डाव्या कानाला लावला, ती बोलायची वाट बघितली, मग फोन बायकोच्या हातात दिला. जोमाने कामाला लागलो.

११ फेब्रुवारी
शोधात अठराशेच्या वर निबंध निघाले. बाई म्हणाल्या, चाळणी बारीक करा. मी म्हटलं, एकही सुटता कामा नये. आज चाळीस वाचले, त्यातले नऊ उंदरांवरचे. चहा चार वेळा झाला.

१३ फेब्रुवारी
दोघांनी एकच काम करू नये म्हणून रिव्ह्यूचा विषय लिहिण्याआधी नोंदवावा लागतो. नोंदवायला गेलो, तर हाच विषय कुणीतरी आधीच नोंदवून ठेवलाय! लोकांना उद्योग नाहीत. शीर्षकात 'सत्तरीपुढील रुग्णांमध्ये' घातलं. आता मैदान मोकळं.

जाड्या घरी येऊन गेला म्हणे. मी लायब्ररीत होतो. बायकोला सांगून गेला की, दोन आठवडे सोमवारी संपतात, त्यानंतर गोळ्या देऊन फारसा उपयोग नाही. बाबांना त्याने कागदावर लिहून समजावलं. बाबांचं उत्तर तेच, मुलगा शोधतोय. ऐकून ऊर भरून आला.

१७ फेब्रुवारी, सोमवार
बायको मला न विचारता बाबांना जाड्याकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू. मी म्हटलं, निष्कर्षाआधीच उपचार? तिने पुढच्या गोळीचा गजर लावला.

२५ फेब्रुवारी
बाबांची तपासणी झाली. डावा कान गेला तो गेलाच. जाड्या म्हणाला, पहिल्या दिवशी गोळ्या दिल्या असत्या तरी कदाचित हेच झालं असतं, कुणी सांगावं.

म्हणजे माझ्या उशिरामुळे नुकसान झालं, याला पुरावा नाही. हे वाक्य तीनदा लिहून बघितलं. तरी बरं वाटेना.

आत्याचा फोन आता बायको घेते आणि बाबांच्या उजव्या कानात ओरडून सांगते. आत्याचं तासाभराचं बोलणं, बाबांपर्यंत पोचतं दीड वाक्य.

२८ फेब्रुवारी
रिव्ह्यू पूर्ण! सत्तरीपुढच्या रुग्णांवरचे धड अभ्यास: शून्य. निष्कर्ष: स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत आधीचा रिव्ह्यूच वापरावा आणि उपचार लवकर सुरू करावेत. बाईंनी विचारलं, आधीचा म्हणजे त्या मंगळवारचाच ना? मी हो म्हटलं. त्या पुस्तकं लावायला निघून गेल्या.

२ मार्च, रविवार
बाबांना रिव्ह्यू वाचून दाखवला. त्यांच्यासाठीच तर केला. उजव्या बाजूला बसलो आणि घसा फाडून वाचला. निष्कर्षाशी आल्यावर त्यांनी विचारलं, म्हणजे गोळ्या लगेच घ्यायला हव्या होत्या? मी म्हटलं, साधारण तसंच, पण पुरावा कमकुवत आहे. बाबा म्हणाले, हे तर जाड्या पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

मग ते उठले, खुर्ची फिरवली आणि डावी बाजू माझ्याकडे करून बसले. तिकडे उजेड बरा येत असावा.

परिशिष्ट वाचायचं राहिलं होतं, ते वाचलं. त्यांनी एकदाही मला थांबवलं नाही.